एकाच साइटच्या अनेक भाषा: वेगळं डोमेन, सबडोमेन की फोल्डर? पायरी पायरीने ठरवूया

साइट दुसऱ्या भाषेत न्यायचं ठरलं की मला येणारा पहिला मेसेज ठरलेला असतो, "फ्रान्सचं डोमेन रिकामं दिसतंय, घेऊन टाकू का?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, थांब जरा. डोमेन घ्यायला पाच मिनिटं लागतात, पण चुकीचं घेतलं आणि त्यावर वर्षभर पानं चढवत बसलात की मागे फिरायला महिने जातात, आणि तोवर सर्चमधे जे काही बस्तान बसलेलं असतं तेही हलतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

माझा कल आधीच सांगून टाकतो म्हणजे वाचताना तो वजा करून वाचता येईल: ठोस कारण नसेल तर एकच डोमेन आणि त्यात भाषेचे फोल्डर. ठोस कारण म्हणजे नेमकं काय ते पुढे येतंच.

पायरी १: भाषा वेगळी करताय की देश?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. फ्रेंच ही भाषा आहे, फ्रान्स हा देश आहे. फ्रेंच वाचणारा माणूस बेल्जियममधे असतो, स्वित्झर्लंडमधे असतो, कॅनडात असतो, सेनेगलमधे असतो. त्याला तुम्ही फ्रान्सच्या डोमेनवर आणलंत तर पान त्याला कळेल, पण हे आपल्यासाठी नाही असंही वाटेल. आणि उलट बाजूने बघा, स्वित्झर्लंडला राष्ट्रीय भाषाच चार आहेत, जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श, त्यामुळे तिथलं डॉट सीएच डोमेन घेतलंत तरी भाषेचा प्रश्न सुटला नाही, तो फक्त एक पायरी आत सरकला. त्या डोमेनच्या आत परत फोल्डर करावेच लागणार.

तर एक साधी शीट उघडा. पहिल्या कॉलममधे भाषा, दुसऱ्यात देश, तिसऱ्यात "मजकूर सोडून अजून काय बदलतं". तिसरा कॉलम प्रामाणिकपणे भरा. चलन बदलतं का, डिलिव्हरी बदलते का, माल वेगळा आहे का, परतीचे नियम, टॅक्स, कायद्याने दाखवायची माहिती, सपोर्टचा नंबर, यातलं काय काय वेगळं आहे. तो कॉलम जवळपास रिकामा राहिला तर तुम्हाला भाषेनुसार विभागायचंय, देश विसरा. भरगच्च भरला तर देशानुसार. मी क्लायंटला एकच प्रश्न विचारतो: तीच भाषा बोलणारा पण दुसऱ्या देशातला माणूस या पानावर आला तर त्याला इथे काही चुकीचं दिसेल का? नुसतं परकं वाटणं नाही, सरळ चुकीचं. "नाही" म्हणाले की काम निम्मं झालं.

सॉफ्टवेअर, ब्लॉग, डॉक्युमेंटेशन, शिकवण्या, बातम्या असलं काही असेल तर बहुतेक वेळा भाषा. वस्तू विकत असाल किंवा परवान्यावर चालणारा धंदा असेल तर बहुतेक वेळा देश.

पायरी २: समोर पर्याय कोणते आहेत

चार आहेत, आणि चारही तुम्ही रोज बघता.

पहिला, प्रत्येक देशाचं स्वतंत्र डोमेन. अॅमेझॉन असं करतं, जर्मनीचं डॉट डीई वेगळं, जपानचं डॉट सीओ डॉट जेपी वेगळं. दुसरा, सबडोमेन, म्हणजे भाषेचा कोड पुढे आणि मूळ डोमेन मागे. विकिपीडिया बघा, सुरुवातीला ईएन असेल तर इंग्रजी, एफआर असेल तर फ्रेंच, एमआर असेल तर आपली मराठी. तिसरा, फोल्डर, म्हणजे डोमेन तेच आणि पुढे स्लॅश देऊन भाषा किंवा देश. अॅपल फ्रान्ससाठी डॉट कॉमनंतर स्लॅश एफआर वापरतं, आणि बीबीसीची मराठीही बीबीसी डॉट कॉम स्लॅश मराठी अशीच आहे. चौथा, पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन लँग बरोबर अमुक, म्हणजे पॅरामीटर.

चौथा आत्ताच खोडा. गूगलच्याच मार्गदर्शनात तो नको म्हणून सांगितलंय, आणि वाचणाऱ्यालाही पत्त्यावरून काही कळत नाही. त्याहून वाईट एक पाचवा प्रकार असतो ज्याला कुणी पर्याय म्हणत नाही पण बऱ्याच साइटवर चालू असतो: पत्ता एकच, आणि कुकी बघून किंवा ब्राउझरची भाषा बघून आतला मजकूर बदलायचा. गूगलबॉट, म्हणजे गूगलसाठी साइटी वाचत फिरणारा प्रोग्राम, साधारणपणे भाषेची पसंती सांगणारा हेडर पाठवतच नाही आणि कुकीही बाळगत नाही, म्हणजे त्याला कायम डीफॉल्ट भाषाच दिसणार. तुमची बाकीची भाषांतरं सर्चसाठी अस्तित्वातच नाहीत. एका भाषेच्या एका पानाला एक पत्ता, यावर तडजोड नाही.

पायरी ३: देशाचं डोमेन, मोह आणि ओझं

याचे फायदे खरे आहेत. डॉट डीई दिसलं की सर्च इंजिनला देश लगेच कळतो आणि माणसालाही, परतीचा माल कुठे पाठवायचा ही शंका मनात येत नाही. पूर्वी सर्च कन्सोलमधे, म्हणजे साइटवाल्यांसाठीच्या गूगलच्या टूलमधे, कुठलंही फोल्डर एखाद्या देशासाठी आहे असं सेटिंग करता यायचं, ते २०२२ च्या सप्टेंबरमधे काढून टाकलं. तेव्हापासून देशाचं डोमेन हाच पत्त्यातला सगळ्यात ठळक इशारा उरलाय, हे मान्य.

पण आता ओझं बघा. पहिलं म्हणजे ते तुम्हाला मिळेल का? डॉट कॉमसारखं कुणीही उठावं आणि घ्यावं असं सगळीकडे नसतं. कॅनडाच्या डॉट सीएला कॅनडाशी संबंध दाखवावा लागतो. फ्रान्सच्या डॉट एफआरसाठी युरोपियन युनियन आणि आजूबाजूच्या ठरावीक चार देशांतला पत्ता लागतो. डॉट सीओ डॉट जेपी जपानमधे नोंदलेल्या कंपनीलाच मिळतं. काही रजिस्ट्रार "आम्ही आमचा स्थानिक पत्ता लावून देतो" म्हणतात, सोयीचं आहे, पण कागदावर नाव कुणाचं पडतंय ते वाचल्याशिवाय सही करू नका. उद्या भांडण झालं तर डोमेन त्यांचं निघायचं.

आणि एकदा मिळालं म्हणजे कायमचं आपलं असंही नाही. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर तिथल्या लोकांची आणि कंपन्यांची डॉट ईयू डोमेनं ठेवायची पात्रताच गेली, १ जानेवारी २०२१ ला हजारो डोमेनं बंद पडली. त्यांनी काही गुन्हा केला नव्हता, नकाशा बदलला इतकंच. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू तर २०१० मधे यादीतूनच काढलं, देशच उरला नव्हता. डॉट आयओ हे टेक कंपन्यांचं लाडकं डोमेन मुळात हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचं आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमधे त्या बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे द्यायचं जाहीर झालं तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण कुणाच्या तरी देशाच्या कोडवर बसलोय. जाता जाता, डॉट आयओ, डॉट सीओ, डॉट मी, डॉट टीव्ही, डॉट एआय यांना गूगल देशाचं मानत नाही, डॉट कॉमसारखं सर्वसाधारण धरतं. डॉट ईयूचंही तेच. त्यामुळे युरोपसाठी डॉट ईयू घेतलं म्हणजे काही खास वजन मिळेल ही समजूत काढून टाका.

दुसरं ओझं रोजचं. प्रत्येक डोमेन सर्चच्या दृष्टीने शून्यापासून सुरू होतं, तुमच्या मूळ साइटला मिळालेल्या लिंका त्याच्या खात्यात जमा होत नाहीत. लॉगिन एका डोमेनवरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही, कारण कुकी डोमेनपुरतीच असते, आणि सफारीने तर मार्च २०२० पासून परक्या साइटच्या कुकी पूर्ण बंद केल्यात, म्हणजे जुने जुगाडही चालत नाहीत. अॅनालिटिक्समधे तोच माणूस दोन डोमेनवर गेला की दोन माणसं दिसतात, क्रॉस डोमेन सेटिंग वेगळं करावं लागतं. मेलसाठी प्रत्येक डोमेनचं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणारी रेकॉर्डं) वेगळं. आणि ज्या डोमेनवरून मेल पाठवणारच नाही त्यावरही "इथून मेल येत नाही" असं रेकॉर्ड घालून ठेवायला लागतं, नाहीतर तुमच्या नावाने दुसराच कुणीतरी पाठवतो.

माझ्याकडे एक क्लायंट आलेला, सहा देश, सहा डोमेनं, मोठ्या हौसेने घेतलेली. मी बघितलं तेव्हा दोनच जिवंत होती. एकावर सुरक्षित जोडणीचं (एचटीटीपीएसचं) सर्टिफिकेट संपून ब्राउझर लाल पाटी दाखवत होता, एकावर दीड वर्षापूर्वीची किंमत, आणि उरलेल्या दोघांवर मेनू स्थानिक भाषेत, आतला मजकूर इंग्रजीत. चूक कुणाची नव्हती तशी, पाच माणसांच्या टीमने सहा साइटी सांभाळायला घेतल्या होत्या. आम्ही सगळं एका डोमेनवर फोल्डरमधे आणलं आणि त्यालाच चार महिने गेले.

म्हणून माझा नियम असा: त्या देशात आपली स्वतंत्र टीम आहे, वेगळा माल किंवा वेगळा कायदा आहे, आणि पुढची काही वर्षं ती साइट बघणारा एक माणूस नावानिशी सांगता येतोय, तर देशाचं डोमेन घ्या. माणसाचं नाव सांगता आलं नाही तर घेऊ नका. डोमेन राखून ठेवायला म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण त्यावर साइट न उभारता सरळ मुख्य साइटच्या त्या फोल्डरकडे रीडायरेक्ट लावा. नाव दुसऱ्याने पळवू नये एवढाच त्याचा उपयोग.

चीनबद्दल एक ओळ, कारण विचारतातच. डॉट सीएन घेतलं म्हणजे तिथे साइट वेगात उघडेल असं नाही, सर्व्हर मुख्य भूमीवर ठेवायचा तर आयसीपी नावाची तिथली सरकारी नोंदणी लागते आणि तो वेगळाच प्रकल्प आहे.

पायरी ४: सबडोमेन कधी

थोडक्यात, जेव्हा मागची सिस्टिमच वेगळी असते. म्हणजे जपानी साइट वेगळ्या कंपनीने वेगळ्या प्लॅटफॉर्मवर बनवलीय, सर्व्हर वेगळा आहे, आणि एका डीएनएस रेकॉर्डने (हे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी नोंद) जोडून टाकायचंय. लॉगिनची कुकी सबडोमेनमधे वाटता येते, सर्च कन्सोलमधे डोमेन प्रॉपर्टी घेतली की सगळी सबडोमेनं एका जागी दिसतात. सर्टिफिकेट वाइल्डकार्ड घ्या, म्हणजे सगळ्या सबडोमेनांना एकच, पण ते एकाच पातळीला चालतं, म्हणजे एफआर डॉट साइट डॉट कॉमला चालेल, त्याच्या आधी परत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलंत तर नाही. हा फटका मी स्वतः खाल्लाय.

सर्चमधे सबडोमेन बरं की फोल्डर यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. गूगल म्हणतं दोन्ही चालतं, एसईओवाले, म्हणजे साइट सर्चमधे वर आणायचं काम करणारे, म्हणतात फोल्डरला मूळ डोमेनचा जास्त आधार मिळतो. मला या भांडणात पडायचं नाही, कारण निर्णय सर्चवर घ्यायचाच नाही, सांभाळायला काय सोपं यावर घ्यायचा.

पायरी ५: फोल्डर, आणि मूळ भाषा कुठे ठेवायची

फोल्डर म्हणजे एकच साइट, एकच सर्टिफिकेट, एकच अॅनालिटिक्स, नवीन भाषा जोडायची तर नवीन फोल्डर. वर्डप्रेसमधे पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल हे बसल्या बसल्या करून देतात. "पण आमच्या दोन भाषा दोन वेगळ्या सिस्टिमवर आहेत" असं असेल तरी रिव्हर्स प्रॉक्सीने एक फोल्डर दुसऱ्या सर्व्हरकडे वळवता येतं, फक्त मग कॅश, रीडायरेक्ट आणि आतल्या लिंका तीन तीनदा तपासाव्या लागतात. प्रॉक्सीमागचा सर्व्हर स्वतःचा खरा पत्ता बाहेर दाखवत नाही ना, हे तर आधी बघा.

इथे अडतं ते मूळ भाषेपाशी. इंग्रजी रूटवरच, म्हणजे फोल्डर न देता मूळ पत्त्यावर, ठेवायची की तिलाही स्लॅश ईएन द्यायचं? साइट नवीन असेल तर सगळ्यांना समान वागवा, प्रत्येक भाषेला फोल्डर, आणि रूटवर भाषा निवडायचं साधं पान. साइट जुनी असेल, रूटवरची पानं आधीच सर्चमधे येत असतील, तर हात लावू नका. ती आहेत तिथे राहू द्या, नवीन भाषांनाच फोल्डर द्या. दिसायला जरा वाकडं दिसतं, पण नुसत्या टापटिपीसाठी हजार पानांचे पत्ते बदलणं म्हणजे विनाकारण अंगावर घेतलेलं दुखणं.

देश आणि भाषा दोन्ही लागत असतील तर एकच पद्धत धरा आणि सोडू नका. अॅपल कॅनडाच्या फ्रेंचसाठी स्लॅश सीए स्लॅश एफआर करतं, मायक्रोसॉफ्ट फ्रान्ससाठी स्लॅश एफआर हायफन एफआर. दोन्ही चालतं. एकाच साइटवर दोन्ही एकदम नाही चालत.

पायरी ६: कोडची यादी, आणि इथे डोळे उघडे ठेवा

भाषेचा दोन अक्षरी कोड वेगळ्या यादीतून येतो, आयएसओ ६३९-१, आणि देशाचा वेगळ्या, आयएसओ ३१६६-१. दोन्हीत तीच दोन अक्षरं वेगवेगळ्या अर्थाने येतात आणि लोक सर्रास फसतात.

आपल्या जवळचीच उदाहरणं घ्या. एमआर ही भाषा म्हणून मराठी, देश म्हणून मॉरिटानिया. जीयू म्हणजे गुजराती, देश म्हणून ग्वाम. एमएल म्हणजे मल्याळम, देश म्हणून माली. बीएन बंगाली, पण ब्रुनेई. पीए पंजाबी, पण पनामा. एसए संस्कृत, पण सौदी अरेबिया. मी पहिल्यांदा ही यादी काढली तेव्हा हसू आलं, मग लक्षात आलं की भाषांतर करणाऱ्या टूलमधे ड्रॉपडाउनवर झेंडे लावलेले असतात आणि तो झेंडा याच कोडवरून उचललेला असतो. मराठीपुढे मॉरिटानियाचा हिरवा झेंडा मी खरंच पाहिलाय.

नेहमीच्या चुका अशा: जपानी भाषा जेए आहे, जेपी नाही, जेपी हा देश. कोरियन केओ, केआर नाही. चिनी झेडएच, सीएन नाही, आणि त्यातही लिपी सोपी की पारंपरिक हे वेगळं सांगायला लागतं. स्वीडिश एसव्ही, चेक सीएस, डॅनिश डीए. आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे यूके. देश म्हणून ब्रिटनचा कोड जीबी आहे, आणि यूके हा भाषेचा कोड युक्रेनियनचा आहे.

एका प्रोजेक्टमधे स्लॅश सीए फोल्डर होतं. मी कॅनडा समजून त्यात इंग्रजी पानं टाकत गेलो, आणि भाषांतर करणारी टीम तेच फोल्डर कॅटलान समजून भरत होती, कारण सीए हा कॅटलानचाही कोड. तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, निम्मी पानं एका भाषेत आणि निम्मी दुसऱ्याच. तेव्हापासून प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी मी एक कागद करतो, कोड, त्याचा अर्थ भाषा की देश, आणि तो फोल्डर भरणार कोण. पुढचं सगळं त्या कागदाकडे बघून.

पायरी ७: एचरेफलँग लावा, आणि कॅनॉनिकल तपासा

डोमेन कुठलंही घ्या, ही पायरी चुकत नाही. एचरेफलँग म्हणजे पानाने सांगायचं की माझी इतर भाषांतली भावंडं कुठे राहतात. गूगलने हे २०११ च्या डिसेंबरमधे आणलं, आणि कुठल्याच भाषेत न बसणाऱ्यासाठी एक्स-डीफॉल्ट २०१३ मधे. लावायच्या तीन जागा आहेत: पानाच्या हेडमधे लिंक टॅग, एचटीटीपी हेडर, किंवा एक्सएमएल साइटमॅप. पीडीएफसारख्या फायलींना हेडमधे टॅग टाकता येत नाही, तिथे एचटीटीपी हेडर.

नियम तीनच, पण पाळायला कटकटीचे. एक, पानाने स्वतःचाही उल्लेख करायचा. दोन, दोन्ही बाजूंनी हवं, फ्रेंच पान जर्मनकडे बोट दाखवतंय पण जर्मन पान फ्रेंचचं नावच घेत नाही, तर ती जोडी धरली जात नाही. तीन, पत्ता पूर्ण हवा, एचटीटीपीएसपासून, आणि तो पत्ता रीडायरेक्ट होणारा नको. भाषा आधी, देश नंतर, आणि नुसता देश चालत नाही. बेल्जियमसाठी म्हणून नुसतं बीई लिहिलंत तर तो बेलारूशियन भाषेचा कोड धरला जाईल.

आकड्यात बघा म्हणजे साइटमॅप कधी बरा पडतो ते कळेल. १० भाषा आणि प्रत्येकीत १,००० पानं, म्हणजे १०,००० पत्ते, आणि प्रत्येकाखाली १० ओळी, म्हणजे एक लाख ओळी. हातानं कुणी करूच नका, सिस्टिममधूनच निघाल्या पाहिजेत. एका साइटमॅप फायलीत ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा असते, भाषेनुसार फायली तोडल्यात तर शोधायलाही सोपं जातं.

आता कॅनॉनिकल, म्हणजे सारख्या पानांतलं खरं पान कुठलं ते सर्चला सांगणारा टॅग. हा माझ्या हातून झालेला सगळ्यात वाईट घोळ. स्पॅनिश फोल्डर चालू केलं, महिनाभर झाला, सर्चमधून एक माणूस येईना. भाषांतर चांगलं, एचरेफलँग बरोबर, साइटमॅप दिलेला. शेवटी एक स्पॅनिश पान उघडून सोर्स बघितला, वरून खाली एक एक ओळ, आणि अकराव्या बाराव्या ओळीत कॅनॉनिकल होता, इंग्रजी पानाच्या पत्त्याचा. टेम्पलेट कॉपी करताना तसाच आलेला. म्हणजे प्रत्येक स्पॅनिश पान गूगलला सांगत होतं, माझ्याकडे बघू नका, खरं पान ते तिकडचं. आणि गूगलने ऐकलं. तेव्हा प्रत्येक भाषेचं कॅनॉनिकल त्याच भाषेच्या त्याच पानाकडे हवं, हे भाषा चालू करण्याआधी प्रत्येक टेम्पलेटचं एकेक पान उघडून डोळ्यांनी बघायचं. टूलवर विसंबू नका.

पानाच्या कोडच्या सुरुवातीला भाषा सांगणारा जो लँग असतो तोही बरोबर लिहा. गूगल भाषा ओळखायला तो बघत नाही, दिसणारा मजकूर बघतं, पण स्क्रीन रीडर त्यावरूनच उच्चार ठरवतो आणि ब्राउझरही त्याकडे बघतो.

आणि भाषांतर न झालेल्या पानाला एचरेफलँग देऊ नका. मेनू मराठी आणि आत सगळं इंग्रजी, अशा पानाला मराठी पान म्हणून मिरवण्यात काही अर्थ नाही.

पायरी ८: आलेल्या माणसाला ढकलू नका

आयपी बघून आपोआप दुसऱ्या भाषेत फेकणं बंद करा. माणूस परदेशात फिरतोय, व्हीपीएनवर आहे, किंवा राहतो तिथली भाषा त्याला येत नाही, असं कितीतरी होतं. आणि गूगलबॉट बहुतांशी अमेरिकेतल्या आयपीवरून येतो, तुम्ही त्याला दरवेळी इंग्रजीकडे ढकललंत तर बाकीची पानं त्याने बघायची कधी? वर एक छोटी पट्टी दाखवा, "हे पान तुमच्या भाषेत आहे, तिकडे जायचं?" आणि ती पट्टी त्याच्या भाषेत असू द्या. बंद केली की परत दाखवू नका.

भाषा निवडायच्या यादीत भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा, झेंडे नकोत. आणि निवड केल्यावर त्याला त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेत न्या, होमपेजवर नेऊन टाकू नका, याचा मला फार राग येतो.

पायरी ९: पत्ता कुठल्या लिपीत

डोमेनचं नाव देवनागरीत, अरबीत, सिरिलिकमधे घेता येतं, पण मागे ते एक्सएन आणि दोन हायफननी सुरू होणाऱ्या रोमन रूपात बदललं जातं, ज्याला प्युनीकोड म्हणतात. काही ठिकाणी लोकांना तेच रूप दिसतं आणि त्यांना ते फसवणुकीची लिंक वाटतं. मेलसाठी तर अजूनही सगळीकडे नीट चालत नाही. मी मुख्य डोमेन रोमनमधे ठेवतो आणि लिपीतलं घेऊन त्यावरून रीडायरेक्ट देतो.

डोमेनच्या पुढचा भाग, म्हणजे स्लग, स्थानिक लिपीत ठेवायला गूगलची हरकत नाही. पण कॉपी करून कुठे पेस्ट केलं की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते. मेसेजमधे शेअर होणारी साइट असेल तर रोमन स्लग बरा, नाहीतर आपल्या लिपीतला छान दिसतो. काहीही ठरवा, भाषा चालू झाल्यावर बदलू नका.

पायरी १०: आधीच चुकलंय, आता हलवायचंय

घाबरू नका, पण घाईही नको. जुन्या प्रत्येक पत्त्यासमोर नवा पत्ता अशी शीट करा, सगळं होमपेजकडे वळवायचा आळस करू नका. रीडायरेक्ट ३०१, म्हणजे कायमचा, द्या. सगळ्यात कमी वर्दळीची भाषा आधी हलवा, दोन तीन आठवडे लॉग बघा, मग पुढची. अख्खं डोमेन हलत असेल तर सर्च कन्सोलमधलं पत्ता बदलल्याचं टूल वापरा, एकाच डोमेनच्या आत फोल्डर बदलताना मात्र ते लागू होत नाही. एचरेफलँग, साइटमॅप आणि आतल्या लिंका त्याच दिवशी नव्या पत्त्यांवर आणा, रीडायरेक्टच्या भरवशावर जुन्या लिंका तशाच सोडू नका.

गूगल म्हणतं रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा. मी म्हणतो जुनं डोमेन सोडूच नका, ऑटो रिन्यूवर टाका आणि त्या खात्याचा मेल कुणाच्या वैयक्तिक पत्त्यावर जात नाही ना ते बघा, कारण तो माणूस नोकरी सोडून गेला की रिन्यूअलची नोटीस कुणालाच येत नाही, डोमेन सुटतं, आणि तुमची छापील माहितीपत्रकं, जुन्या मेलमधल्या लिंका, दुसऱ्यांनी दिलेले उल्लेख हे सगळं ते उचलणाऱ्या कुणाच्याही साइटवर जाऊन पडतं.